नग एक, परत न करण्याजोगा

नाव : श्री. ज्योतीराम माणिक भोगे. वय : एकावन्न पूर्ण. मूळ गाव : तालुका औसा, जिल्हा लातूर. सध्याचा पत्ता : शालनबाईंची इमारत, पहिला मजला, काळेवाडी. हुद्दा : वरिष्ठ तपासनीस, अंतिम तपासणी विभाग. सेवा : सव्वीस वर्षे. शिल्लक रजा : एकशे चार दिवस. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याच्या पेरावर जुना घट्टा. वर्तणूक : समाधानकारक. वैवाहिक स्थिती : विधुर. अपत्ये : एक, स्वावलंबी. अवलंबित : निरंक.

हे वर्णन चाकणच्या एका कंपनीच्या कार्यालयात, भोगेंच्या फायलीत आहे. दर एप्रिलात ते पडताळतात आणि त्यावर शिक्का मारतात. त्यातली एकही नोंद खोटी नाही. भोगेंची सही असलेल्या कागदावर खोटी नोंद नसतेच. आयुष्यात एकदा होती, कारण तो कागद त्यांनी वाचला नव्हता. त्या कागदाकडे येऊच.

भोगेंचं काम नाकारण्याचं आहे. ट्रकच्या गिअरबॉक्सचे दातेरी भाग त्यांच्या टेबलावर येतात, दिवसाला आठशे-नऊशे. उचलायचा, व्हर्निअरच्या जबड्यात धरायचा, माप बघायचं. बरा असेल तो हिरव्या क्रेटमध्ये, नसेल तो लाल डब्यात. महिनाअखेरीला प्रॉडक्शनची मंडळी टेबलाभोवती घिरट्या घालतात. "भोगेभाऊ, केसाएवढा तर फरक आहे, जाऊ द्या की राव." भोगे मान वर करत नाहीत. "केसाएवढा असो नाहीतर शेपटाएवढा. बाहेर ते बाहेर." लाल डब्यात गेलेला नग आजवर कुणाच्या शिफारशीनं परत आलेला नाही.

लाली त्या लाल डब्याच्या मागं झोपायची. म्हणून लाली. रंगानंही ती लालसरच होती, लोखंडाला पहिला हात देतात त्या प्रायमरसारखी. एक कान अर्धा. मागचा डावा पाय टेकताना जरा अंगचोरपणा. वय कुणालाच माहीत नाही. तिन्ही शिफ्टचे लोक तिला चपातीचा तुकडा टाकायचे आणि ती आपलीच आहे असं समजायचे. म्हणजे ती कुणाचीच नव्हती. मग परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट ठरलं. ऑडिटच्या यादीत ‘आवारात प्राणी’ अशी एक ओळ होती आणि तिच्यासमोर ‘नाहीत’ अशी खूण यायला हवी होती. खूण खरी ठरावी म्हणून सिक्युरिटीच्या ठेकेदाराला हुकूम झाला : कुत्री पोत्यात घाला आणि खेड घाटाच्या पलीकडं सोडून या.

भोगेंची बायको पद्मिन जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ऑडिटच्या आदल्या दुपारी त्यांनी लालीच्या गळ्यात पॅकिंगची पट्टी बांधली आणि तिला गेटवर नेलं. कंपनीची बस कुत्रं घेईना. भंगाराचा टेम्पो कुदळवाडीला निघाला होता, तो तयार झाला. पण गेटबाहेर काहीही न्यायचं तर गेटपास लागतो. सिक्युरिटीवाल्यानं नियमाप्रमाणं पास फाडला. माल : कुत्री. नग : एक. परतीचा की कसे : परत न करण्याजोगा. भोगेंनी सही केली. आधी वाचून.

काळेवाडीत जिन्याच्या तोंडाशी घरमालकीण शालनबाई बसल्या होत्या. शालनबाई तिथल्या जुन्या घरातल्या. त्यांच्या सासऱ्यांचा ऊस होता त्या जागेवर आता त्यांचे बारा भाडेकरू आहेत.

"अवं भोगं, ह्ये काय आनलं?"

"कुत्री आहे, मावशी."

"ते दिसतंय मला. माज्या खोल्यांत मानसं ऱ्हात्यात."

"दोन वर्षं कंपनीत राहिली. तिची काही तक्रार नाही."

"तिची नसंल. माजी हाय."

आठ दिवसांनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर शिळ्या भाकरीचा चतकोर दिसायला लागला. तो तिथं कोण ठेवतं हा विषय कुणी काढला नाही.

आता तो एकदाचा कागद. तो पद्मिनच्या आरोग्यविम्याचा अर्ज होता. ओळखीचा एजंट घरी आला, चहा झाला, त्यानं भराभर खुणा केल्या. ‘मधुमेह आहे का’ यापुढं त्यानं ‘नाही’ लिहिलं. पद्मिनला चार वर्षं साखर होती. गोळ्यांचा डबा त्याच टेबलावर, एजंटच्या बशीशेजारी होता. एजंटनं पेन पुढं केलं आणि भोगेंनी सही केली. दिवसाला नऊशे नग तपासणाऱ्या माणसानं चार पानं तपासली नाहीत. तीन वर्षांनी पद्मिनला दवाखान्यात ठेवलं, आणि सहाव्या दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं : महत्त्वाची माहिती दडवली, सबब दावा अमान्य. सातव्या दिवशी तिला खासगी दवाखान्यातून हलवावं लागलं. अकराव्या दिवशी ती गेली. हलवल्यानं काही फरक पडला नाही असं डॉक्टर म्हणाले. भोगेंनी ते ऐकून घेतलं. एजंट आता प्लॉट विकतो.

घरात जे काही शिलकीत होतं ते त्या अकरा दिवसांत संपलं. उरली ती रजा, कारण रजा घेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

गेल्या थंडीत लालीनं भोगेंच्या कामाच्या पँटच्या खिशातला तेलकट चिंधीचा बोळा गिळला आणि दोन दिवस ओकत राहिली. रहाटणी फाट्याजवळ डॉक्टर मोनिकांचा दवाखाना आहे, तिथं तिला सलाइन लागलं. निघताना डॉक्टर म्हणाल्या, "काका, हिचा विमा काढून ठेवा. आता कुत्र्यांचाही निघतो. पण वय झाल्यावर घेत नाहीत."

"हिचं वय किती?"

डॉक्टरांनी लालीचा ओठ वर केला. "सात. साडेसात म्हणा."

"नक्की?"

"दातावर तारीख नसते, काका."

त्यांनी प्रकृती ठीक असल्याचा दाखलाही दिला. भोगेंनी तो दोनदा वाचला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला.

एक विमा न वाचता सही केल्यानं वाया गेला होता. हा एक विमा तरी नीट करायचा, असं भोगेंनी ठरवलं असावं. बोलले ते कुणाशीच नाहीत. त्यांनी कंपनीच्या पाठकोऱ्या कागदावर तक्ता आखला, पुरवठादार निवडताना आखतात तसा. पहिल्या विम्यात जातींची यादी होती. लॅब्राडोर होता, पग होता, ज्यांचे उच्चार होत नाहीत अशी बारा कुत्री होती, गावठी नव्हतं. दुसऱ्यात प्रवेशाचं वय चार वर्षांपर्यंत. तिसऱ्यात आठ वर्षांपर्यंत चालत होतं आणि जातीच्या रकान्यात ‘इतर’ असंही लिहिता येत होतं. शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार होता. आजारासाठी पहिले तीस दिवस सोडून; त्या तीस दिवसांत आजारी पडायचं नाही. लाली हा तिसरा विमा घेणार हे ठरलं.

पिंपरी कॅम्पात कापडाच्या दुकानावर समाधान नावाच्या एजंटचं ऑफिस आहे. समाधान तिशीतला, मोकळाढाकळा माणूस. त्यानं अर्ज दिला. ‘खरेदी किंमत’ या रकान्यात भोगेंनी ‘शून्य’ लिहिलं, तेव्हा तो हळहळला.

"भाऊ, शून्य लिहू नका. मेल्यावर जी रक्कम मिळते ती किमतीवर असते. शून्य लिहिलं तर शून्य मिळंल."

"घेतली शून्यालाच."

"मालकीचा पुरावा?"

भोगेंनी गेटपास पुढं केला. समाधाननं तो बराच वेळ वाचला. "परत न करण्याजोगा," तो म्हणाला. "माझ्या बायकोनं असा एक करून घ्यायला पाहिजे होता."

उरलेला अर्ज घरी भरून आणतो, असं भोगे म्हणाले. एजंटच्या टेबलावर ते आता काही भरत नाहीत.

रविवारी सकाळी त्यांनी गॅलरीत उन्हात वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर लालीला उभं केलं आणि कारखान्यात बाहेरून आलेल्या मालाची करतात तशी तिची तपासणी सुरू केली. नाकापासून शेपटीपर्यंत. कान, उजवा, अर्धा. दात, वरचा डावा सुळा तुटलेला. मागचा डावा पाय, जुनी मोड, वाकडी जुळलेली. जे दिसेल ते लिहायचं. सतरा नोंदी झाल्या. लालीला हे लाड वाटले असावेत. ती वर्तमानपत्रावर आडवी झाली आणि तिनं पोट वर केलं. भोगेंचा हात पोटावरून खाली सरकत शेवटच्या आचळाशी आला आणि तिथं थांबला. केसांच्या आत, कातडीखाली, काहीतरी होतं. हरभऱ्याच्या दाण्याहून मोठं, टणक, बोटाखालून न सरकणारं.

त्यांनी व्हर्निअर आणलं. ९.६० मिलिमीटर. दोनदा घेतलं. तेच.

अठरावी नोंद त्यांनी केली नाही. पेन उघडं ठेवून ते बसून राहिले. लालीची शेपूट वर्तमानपत्रावर टपटप वाजत होती.

त्यांची मुलगी स्वरूपा मारुंजीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते आणि हिंजवडीत कुठल्याशा अमेरिकन बँकेचे पासवर्ड दुरुस्त करते. तिला त्यांनी फोन केला.

"बाबा, लिहू नका."

"तुझ्या आईच्या वेळी..."

"आईच्या वेळी कागदावर साखर लिहिलेली होती. डॉक्टरांच्या फायलीत होती. हे कुठंही लिहिलेलं नाही. तुम्हीसुद्धा अजून लिहिलेलं नाही ना? नाही ना, बाबा?"

"नाही."

"मग झालं तर."

समाधानचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "भाऊ, अर्जात काय विचारलंय? वाचा. ‘निदान झालेला आजार’. निदान कोण करतं? डॉक्टर. डॉक्टरनं बघितलं का? नाही. मग आजार नाही. डॉक्टरनं लिहीपर्यंत आजार नसतोच, गाठ असते. तीस दिवस दवाखान्याची पायरी चढू नका, एकतिसाव्या दिवशी धावत जा. आणि धापा टाका थोड्या."

कारखान्यात या पद्धतीला ‘मापलं नाही म्हणजे चुकलं नाही’ असं म्हणतात. सव्वीस वर्षांत या एका वाक्यावरून भोगेंनी किमान चार माणसांशी बोलणं सोडलं आहे. अर्जातला प्रश्न त्यांनी पुन्हा वाचला. शब्दाला शब्द बरोबर होता. निदान झालेलं नव्हतं. गाठ लिहिली तर गाठ सोडून बाकी कुत्रीचा विमा निघणार होता, आणि गाठ काढायचा खर्च त्यांच्या दोन पगारांत बसणारा नव्हता. त्यांनी ‘नाही’ लिहिलं, चारही पानं वाचली आणि सही केली. मंगळवारपासून विमा लागू झाला.

मंगळवारी संध्याकाळी बसमधून उतरून ते घरी आले, हातपाय धुतले, लालीला भाकरी कुस्करून दिली आणि मग तिचं माप घेतलं. ९.६४. हे त्यांना करावं लागलं. समोरच्या वस्तूचं माप न घेता राहणं त्यांना येत नाही, आणि घेतलेलं माप न लिहिणं तर त्याहून येत नाही. एक जुनं रजिस्टर होतं. त्यात त्यांनी रकाने आखले : तारीख, वेळ, पहिलं माप, दुसरं माप, शेरा. पहिली ओळ रविवारची भरली, दुसरी मंगळवारची. लाली वेळ झाली की आपणहून गॅलरीत जाऊन पाठीवर पडायला लागली. दिवसातलं सर्वांत मोठं सुख तिला पावणेसातला मिळत होतं.

पाचवा दिवस, १०.१०. नववा, ११.३८. भोगेंनी आलेखही काढला. रेष आधी आडवी होती, मग तिनं मान उचलली.

शालनबाईंनी जिन्यातून बघितलं. "भोगं, काय करतायसा? कुत्रीला काय अंगरखा शिवायचाय का?"

भोगेंनी सांगितलं. विमाही सांगितला. शालनबाई खालच्या पायरीवर बसल्या.

"कुत्र्याचा इमा. आमच्या दादासायबांचा न्हाई काढला कुनी. मेला तर तेरावं आमच्याच पदरचं." दादासाहेब म्हणजे त्यांचे यजमान, ते आत टीव्ही बघत होते आणि ऐकतही होते. "आन् तीस दिस थांबायचं? कशापायी?"

"नियम आहे, मावशी."

"गाठीला ठावं हाय का नियम?"

भोगेंनी रजिस्टर पुढं ओढलं. त्यांनी एक मर्यादा ठरवली. प्रत्येक नगाला एक वरची मर्यादा असते. तिच्या आत सगळं ठीक, तिच्याबाहेर लाल डबा. त्यांनी रजिस्टरच्या कोपऱ्यात लिहिलं : व. म. २०.००. वीस का? त्याला कारण नव्हतं. कुणीतरी कधीतरी आकडा ठरवावा लागतो, नाहीतर माणूस नुसता बघत बसतो.

बारावा दिवस, १२.९०. पंधरावा, १४.७६. सोळाव्या दिवशी लालीनं माप घेताना पहिल्यांदा पाय आखडला. शेरा : दुखते. अठराव्या दिवशी कारखान्यात भोगेंनी एक सदोष नग हिरव्या क्रेटमध्ये टाकला. पलीकडच्या टेबलावरच्या रविराजनं तो उचलून त्यांच्यासमोर धरला. भोगेंनी तो लाल डब्यात टाकला, मग पूर्ण क्रेट पुन्हा तपासलं. त्या दिवशी त्यांची बस चुकली. विसावा दिवस, १८.१२. आता ते माप घेण्याआधी थोडा वेळ गॅलरीच्या कठड्याशी उभे राहायचे.

बाविसाव्या दिवशी २०.३० आलं.

त्यांनी व्हर्निअर पुसलं, शून्य जुळवलं. २०.१२. पुन्हा. १९.९४. तीन मापं, सरासरी वीस पूर्णांक बारा. कातडीखालच्या मऊ मांसात असल्या अचूकपणाला काही अर्थ नसतो हे त्यांना कळत होतं. थोडं दाबलं असतं तर एकोणीस आलं असतं, आणखी दाबलं असतं तर अठरा. महिनाअखेरीला टेबलाभोवती फिरणारी मंडळी नेमकं हेच सांगत आली होती.

स्वरूपाला फोन लावला तेव्हा ती रात्रपाळीला निघत होती.

"बाबा, आठ दिवस राहिलेत. फक्त आठ. बावीस काढलेत ना?"

"वीसच्या वर गेली."

"ते वीस तुम्हीच ठरवलंय!"

"हो."

"मग तुम्हीच पंचवीस करा! बाबा, हे पैसे कुठून आणणार तुम्ही? माझ्याकडं नाहीत. तुमच्याकडं नाहीत. आठ दिवसांनी तीच कुत्री, तीच डॉक्टर, तीच गाठ."

"तीच गाठ नसेल," भोगे म्हणाले. "तुझ्या आईला सातव्या दिवशी हलवलं तेव्हापण मला सगळे सांगत होते, काही फरक पडत नाही."

स्वरूपा रडायला लागली. ते फोन धरून उभे राहिले, कारण रडणाऱ्या माणसाचा फोन ठेवायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ते पायरीवर बसले होते. डॉक्टर मोनिकांनी लालीला टेबलावर घेतलं, बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कधी लक्षात आलं, काका?"

भोगेंनी पिशवीतून विम्याचा कागद काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दाखला त्यांनीच दिला होता; विमा कधी सुरू झाला ते त्यांनी कागदावर पाहिलं. "हे बघा. तुम्ही सांगाल ते मी लिहीन. काल दिसली म्हणालात तर काल लिहीन. तरी विमा मिळणार नाहीच, तीस दिवसांच्या आत आहे. नाहीतर मी आज हिला बघितलंच नाही असं समजू आणि तुम्ही पुढच्या गुरुवारी या. तेही मी करीन. पण मला एवढं खरं सांगा, कागदावर नको, तोंडी : किती वेगानं वाढली? त्यावर मला किती कापायचं ते ठरवायचंय."

भोगेंनी पिशवीतून रजिस्टर काढलं.

डॉक्टरांनी पहिल्या नोंदीपासून वाचलं. आलेखावरून बोट फिरवलं. रेष जिथं मान उचलते तिथं त्यांचं बोट थांबलं. "माणसांच्या दवाखान्यातसुद्धा असं कुणी आणत नाही," त्या म्हणाल्या. हे कौतुक होतं आणि भोगेंना ते ऐकवेना. त्यांनी विचारलं, "आठ दिवस थांबलं असतं तर?"

"आठांचं काय विचारता?"

"मग बावीस. पहिल्या दिवशी आणली असती तर? नऊ पूर्णांक साठला?"

"काका."

"वरची मर्यादा काय असते याला? काहीतरी आकडा असेल ना."

"आकडा नसतो. दिसली त्या दिवशी काढायची असते."

त्यांनी केसपेपरवर रजिस्टरातली पहिली तारीख लिहिली. भोगेंनीच सांगितली ती.

रजेचा बाजार कंपनीच्या कार्यालयात होतो. साठलेली रजा विकता येते. भोगेंनी एकशे चारच्या एकशे चार दिवस विकले. खिडकीवरच्या बाईंनी कारण विचारलं. भोगे म्हणाले, घरात आजारपण. बाईंनी फाइल उघडली, अवलंबित निरंक आहे हे पाहिलं, आणि ‘वैयक्तिक’ असं लिहिलं. शनिवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी एका बाजूची सगळी आचळं काढली. लालीला छातीपासून मांडीपर्यंत टाके होते, आणि दहा दिवस तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं, टाके चाटू द्यायचे नव्हते. भोगेंकडं आता एक दिवसाचीही रजा नव्हती.

सोमवारी पहाटे ते डबा घेऊन जिन्यात आले तर शालनबाई लालीच्या शेजारी पाट टाकून बसल्या होत्या. हातात लाटणं होतं.

"जावा तुमी. चाटू देत न्हाई मी. दादासायबांचं बी मोतीबिंदूचं आप्रेशन मीच काढलंया."

दावा करू नका, असं समाधान म्हणत होता. करा, असं स्वरूपा म्हणाली. नाकारला तर नाकारला. अर्जावर लिहिलं होतं, ‘संबंधित सर्व कागदपत्रे जोडावीत’. भोगेंनी सर्व जोडली. केसपेपर, बिलं, गेटपास आणि रजिस्टरच्या तीन पानांच्या झेरॉक्स, आलेखासकट. रजिस्टर संबंधित नाही असं त्यांना म्हणता येईना. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपण पुरविलेल्या सविस्तर मापनांबद्दल आभारी आहोत. सदर मापनांवरून असे स्पष्ट होते की व्याधी विमा सुरू होण्यापूर्वी दोन दिवस अस्तित्वात होती, आणि आपणांस ती ज्ञात होती. सबब दावा अमान्य. यापुढे सदर व्याधी व तिच्यापासून उद्भवणाऱ्या सर्व बाबी वगळून विमा चालू राहील.

"भाऊ," समाधान कपाळाला हात लावून म्हणाला, "दहा वर्षं धंद्यात आहे. लोक खोटे क्लेम पाठवतात, मोठे करून पाठवतात. तुम्ही क्लेम नाही पाठवलात राव, कबुलीजबाब पाठवलात. तोही आलेख काढून."

"मागितला होता."

"त्यांनी कागद मागितले होते! कागदांना आपण निवडायचं असतं."

"ते माझ्या टेबलावर होत नाही," भोगे म्हणाले. हे ते अभिमानानं म्हणाले नाहीत. एकदा सही करताना न बघितल्यानं बायको गेली आणि एकदा सगळं बघून, सगळं लिहून कुत्रीचे बावीस दिवस गेले, एवढंच त्यांना समजत होतं; आणि यातून कारखान्यात शिकवता येईल असा एकही नियम निघत नव्हता.

गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा अहवाल फेब्रुवारीत आला. डॉक्टर मोनिकांनी तो टेबलावर उलटा ठेवला. गाठ वाईट जातीची होती. कापलेल्या तुकड्याच्या एका कडेला तिचे धागे पोचलेले होते.

"परत येईल?"

"येईल. कदाचित आतल्या आत. कधी ते मला सांगता येणार नाही."

"मी रोज बघत जाईन."

"नका बघू, काका. ते माप आता काही कामाचं नाही. एकच लक्षात ठेवा, तिनं खाणं सोडलं की मला फोन करा. मग मी घरी येईन. तिला इथं आणायला नको."

भोगेंनी व्हर्निअर घरातून कंपनीत नेऊन लॉकरात ठेवलं. पावणेसात झाले की लाली अजूनही गॅलरीत जाऊन पाठीवर पडते. ते तिच्याजवळ बसतात आणि हात मांडीवर ठेवतात.

दिवसभर ती जिन्यात शालनबाईंच्या पायाशी असते. शालनबाई तिला दुपारी भाकरी घालून बघतात, दूध घालून बघतात. "आगं खा की, मुडद्ये. त्यो काय पळून जातोय व्हय?" लाली ताटलीचा वास घेते आणि तोंड रस्त्याकडं करून बसते. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली की उठते. तिनं जेवायला सुरुवात केली की शालनबाई पाट उचलतात.

या एप्रिलात कार्यालयानं भोगेंचं वर्णन नेहमीप्रमाणं पडताळून घेतलं. वय : बावन्न पूर्ण. सेवा : सत्तावीस वर्षे. शिल्लक रजा : निरंक. वर्तणूक : समाधानकारक. अवलंबित : निरंक. भोगेंनी प्रत्येक ओळ वाचली, शेवटच्या ओळीवर जरा थांबले, आणि कार्यालयाच्या व्याख्येप्रमाणं ती बरोबर आहे हे पाहून सही केली. त्यावर शिक्का बसला.

भोगे घरी येईपर्यंत लाली जेवत नाही. गेल्या मंगळवारपासून ते आल्यावरही जेवत नाही.